नळी इथे शिका, थंडी तिथे

प्रश्न : ताई, नमस्कार. मी साखळीची, वय ६१. गेल्या वर्षी शाळेतून निवृत्त झाले. मुलगा आणि सून इंग्लंडमध्ये स्विंडनला असतात. ऑगस्टमध्ये आम्ही दोघं त्यांच्याकडे जाणार आहोत, चवथीच्या आधी परत येऊ. सुनेने तिथून डॉर्सेटच्या किमरिज बेला स्नॉर्कलिंगला, म्हणजे मास्क लावून नळीने श्वास घेत पाण्यावर तरंगायला, जायचा बेत केला आहे. पणजीच्या शाळेत असताना, ५४व्या वर्षी, मी कांपालच्या तरणतलावात पोहायला शिकले. आता न थांबता ४०० मीटर पोहते. पण समुद्रात गुडघ्याच्या वर पाणी कधी येऊ दिलेलं नाही आणि स्नॉर्कल हातातसुद्धा धरलेलं नाही. तिथलं पाणी भर उन्हाळ्यात १७ अंशांचं असतं म्हणे. मला रक्तदाबाची एक गोळी आहे, चष्मा उणे साडेतीनचा. घरचे म्हणतात, या वयात कशाला? मला मात्र जायचं आहे. सुरुवात कुठून करू? आणि मनातलं सांगते, अंगाला चिकटून बसणाऱ्या त्या रबरी सुटाचा मला फार संकोच वाटतो.
– एक निवृत्त शिक्षिका, साखळी

उत्तर : बाई, नमस्कार. तुम्ही जा. ५४व्या वर्षी पाण्यात उतरून ४०० मीटरपर्यंत पोचलेल्या बाईला वयाचं कारण कोणी सांगू नये. पण तुमच्या बेतात एक गोष्ट मला खटकते, ती आधी सांगते. त्या एका सकाळी तुम्ही दोन नवी कामं एकदम करणार आहात : नळीतून श्वास घेणं आणि थंड पाण्यात उतरणं. दोन्ही श्वासाशी बांधलेली आहेत. एक बिघडलं की दुसरं बिघडतंच. म्हणून नळी इथे गोव्यात शिका, आणि तिथे फक्त थंडी शिका.

हे मी स्वतःच्या अनुभवावरून सांगते. माझं बालपण बायण्याला गेलं. वडिलांबरोबर खडपांवरचे शिणाणे, म्हणजे खडकाला चिकटलेले शिंपले, काढताना श्वास रोखून बुडी मारायची सवय लहानपणीच लागली. पुढे पंचवीस वर्षं ग्रँड आयलंडच्या आसपास स्नॉर्कल लावून हिंडले. समुद्र मला ओळखतो अशी माझी समजूत होती. २०१७ च्या जूनमध्ये कॉर्नवॉलला, फालमथच्या एका लहान किनाऱ्यावर गेले. पाणी १४ अंश. भाड्याच्या दुकानातून घेतलेला सूट एक माप मोठा होता, पण ‘चालेल’ म्हणाले, मीही चालवून घेतलं. काठावरच मास्क लावला, नळी तोंडात धरली, कमरेएवढ्या पाण्यात गेले आणि इथल्यासारखीच सरळ पालथी पडले.

मानेच्या मागून सुटात पाणी शिरलं आणि कण्यावरून खाली धावलं. छाती आवळली. श्वास आत आला, पुन्हा आत आला, पुन्हा आतच. बाहेर सोडायचा म्हटलं तरी सुटेना. त्यात एक छोटी लाट नळीवरून गेली आणि खारं पाणी थेट घशात. हात कुठे, पाय कुठे, काही कळेना. पाणी कमरेएवढंच होतं म्हणून पाय टेकले आणि उभी राहिले. खोल पाण्यात होडीवरून उतरले असते तर काय झालं असतं, याचा विचार मी आजही मनात येऊ देत नाही.

पोहता येत नाही म्हणून हे होत नाही, म्हणून सगळ्यात आधी सांगितलं. कातडीला एकदम गार लागलं की शरीर आपल्याला न विचारता मोठा श्वास आत ओढतं आणि मग धाप लागते. हृदयाचे ठोके आणि रक्तदाब दोन्ही चढतात. इंग्रजीत त्याला कोल्ड शॉक म्हणतात. पोर्ट्समथ विद्यापीठाचे माइक टिप्टन यांनी यावर आयुष्यभर काम केलं आहे. हा धक्का साधारण २५ अंशांच्या खाली जाणवू लागतो आणि १० ते १५ अंशांच्या पाण्यात सगळ्यात जोरात बसतो. जानेवारीत सकाळी सहाला तलावात उतरताना तुम्ही जो ‘हुः’ करत असाल, तो याचाच धाकटा भाऊ. चांगली गोष्ट अशी की तो टिकत नाही. पहिल्या अर्ध्या मिनिटात शिगेला पोचतो आणि दोन-तीन मिनिटांत ओसरतो. तेवढा वेळ तोंड पाण्याबाहेर आणि नळी तोंडाबाहेर असली, की बाकीचं जमतं.

त्या दिवशी किनाऱ्यावर साठीच्या एक बाई होत्या, रोज तिथे पोहणाऱ्या. त्यांनी मला दगडावर बसवलं, पाठीवर टॉवेल टाकला आणि थोड्या वेळाने पुन्हा हात धरून पाण्यात नेलं. घोट्यापर्यंत, मग गुडघ्यापर्यंत. ओंजळीने मानेवर पाणी, मग तोंडावर, पुन्हा तोंडावर. मग कमरेएवढ्या पाण्यात हळूच खाली बसवलं आणि म्हणाल्या, आता काहीतरी मोठ्याने बोलत राहा. मला काही सुचेना, म्हणून मी मराठीत साताचा पाढा सुरू केला. ‘सात एके सात’ला आवाज फुटेना. ‘सात त्रिक एकवीस’ दोन तुकड्यांत आलं. धाप लागलेली असताना बोलता येत नाही, आणि बोलायचं तर श्वास बाहेर सोडावाच लागतो, एवढं साधं गणित आहे. तिसऱ्यांदा पाढा म्हणताना ‘साती सत्ते एकोणपन्नास’पर्यंत एका दमात गेले, तेव्हा छातीवरचा पट्टा कोणीतरी सैल केल्यासारखं वाटलं. आता मास्क लाव, त्या म्हणाल्या.

बाई, तुम्ही जन्मभर मुलांकडून पाढे म्हणून घेतले. तिथे तो स्वतःसाठी म्हणा. साताचा पाढा न अडखळता पुरा होईपर्यंत मास्कला हात लावायचा नाही. सुनेला आधीच सांगून ठेवा, म्हणजे ती घाई करणार नाही.

कधी घाबरलात तर हातपाय मारू नका. इंग्लंडच्या समुद्रात माणसं वाचवणारी आरएनएलआय ही संस्था १८२४ पासून काम करते आहे. तिचा सगळ्यांना एकच सांगावा असतो : उताणं व्हा, डोकं मागे टाका, कान पाण्यात जाऊ द्या आणि तरंगत राहा. तुमच्या अंगावर तो रबरी वेटसूट असेल तर तो तुम्हाला लाकडाच्या फळीसारखा वर धरून ठेवील. हे तरंगणं आजपासून कांपालला रोज पाच मिनिटं करा.

आता इथला अभ्यास. हा अंक तुमच्या हाती एप्रिलमध्ये पडेल. जूनपासून दर्या बंद, म्हणजे हातात दोन महिने आहेत. मास्क आणि नळी स्वतःची घ्या. ही दोन्ही तोंडाला लागणारी वस्तू आहे आणि प्रत्येकाचा चेहरा वेगळा. मास्क घेताना पट्टा न लावता तो तोंडावर नुसता टेकवा आणि नाकाने हलकेच श्वास ओढा. हात सोडल्यावरही तो चिकटून राहिला तर तो तुमचा. केसांची बट आत अडकली असेल तर कितीही महागडा मास्क गळतो. नव्या मास्कच्या काचेवर कारखान्यातला पातळ थर असतो, तो टूथपेस्टने आतून चोळून काढा, नाहीतर धुकं जाणार नाही. मग दर वेळी उतरण्याआधी आत थुंकी चोळायची आणि पाण्यात बुचकळून काढायची. शिक्षिकेला हे सांगताना बरं वाटत नाही, पण याच्याइतका सोपा उपाय मला अजून मिळालेला नाही.

चष्म्याची काळजी नको. डायव्हिंगच्या सामानाच्या दुकानात तयार उणे नंबरच्या काचांचे मास्क मिळतात, अर्ध्या अर्ध्या नंबरच्या फरकाने. शिवाय पाण्यात वस्तू तिसऱ्या हिश्शाने मोठ्या आणि चौथ्या हिश्शाने जवळ दिसतात, त्यामुळे नंबर किंचित कमी असला तरी भागतं. पण शिंपली जवळ वाटते म्हणून हात घालाल आणि तो पोचणार नाही. सुरुवातीला सगळ्यांचंच असं होतं.

पहिला आठवडा तलावाच्या उथळ बाजूला, कठडा धरून. तोंड पाण्यात, श्वास फक्त तोंडाने, आत घ्यायचा तो सावकाश आणि सोडायचा तो त्याहून सावकाश. नळीत आधीच्या श्वासाची हवा उरते. भराभर श्वास घेतलात तर तीच शिळी हवा पुन्हा पुन्हा आत जाते आणि डोकं जड होतं. मग मुद्दाम नळीत पाणी भरू द्या आणि ‘टू’ असा एकच झटका देऊन ते उडवा. हे पन्नास वेळा करा. पन्नास म्हणजे पन्नास. पाणी नळीत आल्यावर दचकणं थांबलं की तुमचं निम्मं शिक्षण झालं.

मग एखाद्या रविवारी सकाळी पाळोळ्याला जा. तिथली खाडीसारखी वळलेली किनारपट्टी शांत असते. जीवरक्षक कामावर आल्यावर, लाल-पिवळ्या बावट्यांच्या मध्ये, छातीएवढ्या पाण्यात किनाऱ्याला समांतर तरंगा. खाली वाळूशिवाय काही दिसणार नाही, तरी चालेल. तलावात पाणी हलत नाही, समुद्र हलतो, एवढंच त्या दिवशी शिकायचं. ते जमलं की मे संपायच्या आत एकदा मालवण. साखळीहून सकाळी लवकर निघालात तर दुपारच्या जेवणाला परतीच्या वाटेवर असाल. सिंधुदुर्ग किल्ल्याजवळच्या खडकांत मासे आणि प्रवाळ पाहाल तेव्हा नळी तोंडात आहे हेसुद्धा विसराल. ते विसरणं हाच उत्तीर्ण झाल्याचा दाखला.

एक विनंती. जिथे पंधरा माणसांना केशरी जाकिटं चढवून, पावाचे तुकडे टाकून, दहा मिनिटांत ‘झालं स्नॉर्कलिंग’ म्हणतात, अशा होडीवर जाऊ नका. मला त्या धंद्याचा राग नाही, माणसं पोट भरतात. पण तिथे कोणी शिकत नाही, आणि पावाला सोकावलेले मासे मला बघवत नाहीत.

रक्तदाबाबद्दल मी सल्ला देणार नाही, तो तुमच्या डॉक्टरांचा. पण प्रश्न नीट विचारा. ‘पोहायला जाऊ का’ असं विचारलंत तर ते हो म्हणतील. ‘१७ अंशांच्या पाण्यात, तोंड बुडवून जाणार आहे’ असं सांगा आणि गोळीची पट्टी दाखवा. थंडीमुळे हृदय धावायला बघतं आणि तोंड थंड पाण्यात गेलं की तेच हृदय मंदावायला बघतं. एकाच वेळी हे दोन हुकूम काही जणांच्या हृदयाला झेपत नाहीत. त्यांनी नको म्हटलं तर काठावरच्या खडपांतली डबकी बघा. किमरिजला तीही पोटभर आहेत.

आता सूट. संकोचाबद्दल तुम्ही मोकळेपणाने लिहिलंत म्हणून मीही मोकळेपणाने सांगते. मानेपासून घोट्यापर्यंत तो अंग झाकतो. नऊवारी नेसून पाण्यात उतरलेल्या बाईपेक्षा तुम्ही जास्त झाकलेल्या असाल, आणि ओलं कापड अंगाला चिकटायची भीतीही नाही. बदलायला तिथे टॉवेलचा, डोक्यातून घालायचा सैल झगा सर्रास वापरतात. सुनेला एक आणून ठेवायला सांगा. आणि खरं सांगते, थंड पाण्याच्या काठावर कोणी कोणाकडे बघत नाही. सगळे आपापल्या चेनशी झटत असतात.

हा सूट १९५०च्या दशकाच्या सुरुवातीला कॅलिफोर्नियातले भौतिकशास्त्रज्ञ ह्यू ब्रॅडनर यांच्या डोक्यातून निघाला. निओप्रीनच्या रबरात वायूचे बारीक बुडबुडे कोंडलेले असतात, ते ऊब धरतात. रबर आणि कातडी यांच्या मध्ये पाण्याचा पातळ थर शिरतो आणि अंगाच्या उबेने कोमट होतो. आतलं पाणी बदललं नाही तरच हे चालतं. सैल सुटात प्रत्येक हालचालीबरोबर कोमट पाणी बाहेर आणि गार पाणी आत. पाणी हवेपेक्षा सुमारे २५ पट वेगाने अंगातली उष्णता ओढतं, म्हणून ‘चालेल’ म्हणणाऱ्या दुकानदाराचं ऐकू नका. काखेत, कमरेच्या खोलगटीत आणि मानेशी कुठेही पोकळी नको. खांदे वर करता आले पाहिजेत आणि पूर्ण श्वास घेता आला पाहिजे, त्याहून एक बोटही सैल नको. ऑगस्टसाठी ५ मिलिमीटरचा पूर्ण सूट, पायात निओप्रीनचे बूट, हातमोजे आणि डोक्याला टोपडं. टोपडं घ्याच. गार पाणी एकदम कानात गेलं की गरगरतं. घालताना पायावर प्लास्टिकची पिशवी चढवा, सूट सरकन घोट्यापलीकडे जातो. नखं लावू नका, बोटांच्या पेरांनी ओढा.

किमरिज तुमच्या सुनेने विचार करून निवडलेलं दिसतं. तिथे भरती-ओहोटीचा फरक इंग्लंडच्या मानाने लहान आहे, जवळपास आपल्यासारखाच. ब्रिस्टलच्या बाजूला गेलात तर हा फरक १४ मीटरपर्यंत जातो, तिथे पहिल्यांदा कोणी उतरू नये. किमरिजला उन्हाळ्यात बोयांनी, म्हणजे तरंगत्या खुणांनी, आखलेली स्नॉर्कलिंगची वाट असते. मात्र खाडीचं तोंड नैर्ऋत्येला आहे. त्या बाजूचा वारा असेल तर सगळा गाळ ढवळतो आणि लाटा खडकांवर आपटतात. त्या दिवशी नुसता चहा पिऊन परत फिरा. तारीख ऑगस्टच्या शेवटाकडची ठेवा, समुद्र जमिनीच्या मागून तापतो आणि तेव्हा सगळ्यात उबदार असतो. यंदा चवथ सप्टेंबरच्या मध्यावर आहे, माटोळीच्या तयारीला वेळेत पोचाल. स्विंडनला गेल्यावर आठवडाभर रोज आंघोळीच्या शेवटी दोन-तीन मिनिटं गार पाणी घ्या, अर्थात डॉक्टरांची हरकत नसेल तरच. अशा पाच-सहा वेळा थंड पाणी अंगावर घेतलं की धक्का निम्म्यावर येऊ शकतो असं दिसून आलं आहे. साखळीत नळाला तसलं पाणी यायचं नाही.

पाण्यात पहिल्या दिवशी २० मिनिटं, पुरे. मध्ये मध्ये अंगठा करंगळीला टेकवून बघा. टेकेना झाला की लगेच बाहेर, ‘अजून एक फेरी’ नाही.

आणि डोळे काय बघतील ते सांगते. खडकांवर हिरव्या केसांसारखी हलणारी, टोकांना जांभळी छटा असलेली समुद्रफुलं दिसतील, स्नेकलॉक्स ॲनिमोन. हात लावू नका, झोंबतात. आपल्या प्रवाळांसारखेच त्यांच्याही अंगात सूक्ष्म शैवाल राहतं. उथळ पाण्यात, उन्हाच्या जागी, एक लहानसा पंखा शोधा. कडा वळलेली, अंगावर एकाआड एक फिकट पट्टे, हाताला किंचित चुन्यासारखा. तिकडे त्याला मोराची शेपटी म्हणतात. हे पादिना जातीचं शैवाल. दक्षिण इंग्लंड ही त्याची उत्तरेकडची शेवटची हद्द, त्याच्या वर ते जगत नाही. याचंच एक सख्खं भावंड आपल्या हणजुणेच्या खडपांवर ओहोटीला उघडं पडतं. जायच्या आधी एकदा हणजुणेला जाऊन ते बघून घ्या. मग इतक्या लांब, हिरव्या गार पाण्यात, तोच पंखा दिसला की तुम्हाला काय वाटतं ते मला जरूर लिहा.

प्रश्न : मी फर्मागुडीला कॉलेजात आहे. स्नॉर्कलिंग येतं. आता खाली बुडी मारायला शिकते आहे. बुडी मारण्याआधी वीस भराभर मोठे श्वास घेतले की मी जास्त वेळ खाली राहते. हिवाळ्यात मावशीकडे केप टाउनला जाईन तेव्हा तिथल्या केल्पच्या, म्हणजे उंच समुद्री शैवालाच्या, जंगलात हेच करायचं आहे. काही टिप्स?
– विद्यार्थिनी, फोंडा

उत्तर : एकच सांगते, आणि ते आजच ऐक. ते वीस श्वास बंद कर.

श्वास घ्यावासा वाटतो तो प्राणवायू संपला म्हणून नाही, कार्बन डायऑक्साइड साठला म्हणून. भराभर श्वास घेऊन तू प्राणवायू फारसा वाढवत नाहीस, फक्त कार्बन डायऑक्साइड बाहेर टाकतेस, म्हणजे धोक्याची घंटा काढून ठेवतेस. खाली पाण्याचा दाब असतो तोवर चालून जातं. वर येताना दाब उतरतो, प्राणवायू एकदम अपुरा पडतो आणि पृष्ठभागापासून हातभर अंतरावर माणूस शुद्ध हरपतो. आधी गरगरत नाही, दुखत नाही, काही कळत नाही. चांगले पोहणारेच असे गेले आहेत, कारण भिणारा माणूस आधीच वर येतो.

दोन सावकाश श्वास, तिसरा भरून घे आणि जा. वर आल्यावर खाली होतीस त्याच्या दुप्पट वेळ वरच राहा. एक खाली तर दुसरी वर, तिची नजर तुझ्यावर. जोडीदार नसेल त्या दिवशी बुडी नाही, तलावातसुद्धा नाही.

केप टाउनचं पाणी थंड आहे, म्हणूनच तिथे केल्प आहे. आपल्या कोमट पाण्यात ते उगवत नाही. थंड पाण्यात श्वास रोखायची तुझी ताकद इथल्या मानाने खूपच कमी भरेल, म्हणून इथली सेकंदं तिथे मोजू नकोस. पहिले दोन-तीन दिवस फक्त वर तरंगत बघ. केल्पचे दांडे तळापासून वरपर्यंत उभे असतात आणि सगळं जंगल लाटेबरोबर एकदम झुकतं, एकदम उभं राहतं. ते वरूनच जास्त छान दिसतं. आणि पायातल्या फिन्स केल्पमध्ये अडकल्या तर ओढाताण करू नकोस. थांब आणि हाताने पान सोडव, ते गाजरासारखं कडकन मोडतं.

प्रश्न : मी पेडण्याचा, क्रूझ बोटीवर काम करतो. गेल्या जुलैत नॉर्वेच्या एका बंदरात दोन तास सुट्टी मिळाली म्हणून एकटाच स्नॉर्कल घेऊन उतरलो. सूट नव्हता. सुरुवातीला थंडी लागली, मग बरं वाटलं. साधारण पंधरा मिनिटांनी बोटं चालेनात, मास्कचा पट्टासुद्धा निघेना. कसाबसा खडकावर चढलो. नवल म्हणजे बाहेर येऊन टॉवेल गुंडाळल्यावर जास्त थरथरायला लागलो. केबिनमध्ये कढत पाण्याखाली उभा राहिलो तर डोळ्यांपुढे अंधारी आली. असं का झालं? यंदा पुन्हा तिकडेच ड्युटी आहे.
– एक खलाशी, पेडणे

उत्तर : भाऊ, तुम्ही परत आलात हे वाचून मी पत्र दोन मिनिटं खाली ठेवलं. माझ्या घरातही बोटीवर जाणारी माणसं आहेत, म्हणून जरा लांब लिहिते.

कॅनडातल्या मॅनिटोबा विद्यापीठाचे गॉर्डन गिसब्रेक्ट यांनी थंड पाण्यासाठी लक्षात ठेवायला सोपं एक सूत्र दिलं आहे : १-१०-१. एक मिनिट श्वास ताब्यात आणायला. दहा मिनिटं हातपाय कामाचे. एक तास शुद्ध हरपायला. हे बर्फाळ पाण्याचं मोजमाप आहे. नॉर्वेच्या जुलैत थोडा जास्त अवधी मिळतो, पण क्रम तोच. पहिलं मिनिट तुम्ही निभावलंत. ‘मग बरं वाटलं’ हीच फसवी जागा. कातडी बधिर झाली म्हणून बरं वाटलं. शरीराने हातापायांचं रक्त आखडून घेतलं होतं आणि बोटांच्या नसा-स्नायू गार पडत होते. पट्टा निघेना तेव्हा तुमचे दहा मिनिटांचे पैसे संपले होते. खडक आणखी पन्नास मीटर लांब असता तर पोहणंच थांबलं असतं, तुम्ही कितीही पट्टीचे पोहणारे असा.

बाहेर आल्यावर थंडी वाढली ती अशी : अंगाचा बाहेरचा भाग गार पडलेला असतो, आतला अजून कोमट. पाण्याबाहेर आलात तरी ती ऊब बाहेरच्या गार भागाकडे जातच राहते, आणि हातापायांतलं गार रक्त परत फिरतं. त्यामुळे काठावर उभं असतानाही आतलं तापमान बराच वेळ उतरत राहतं. कढत शॉवरखाली कातडीच्या शिरा एकदम मोकळ्या झाल्या, रक्तदाब पडला आणि अंधारी आली. त्या वेळी केबिनचं दार आतून बंद होतं का, हे विचारायचंही धाडस मला होत नाही.

बाहेर आल्यावर आधी वाऱ्याआड जायचं. ओलं ते सगळं काढायचं, पुसायचं, आणि कोरडे कपडे वरून खाली : आधी टोपी आणि अंगातलं, मग पँट, मग मोजे. कपडे पाण्यात उतरायच्या आधीच त्या क्रमाने रचून ठेवा, कारण नंतर बटणं लागत नाहीत. थर्मासमधला गोड चहा हळूहळू घ्या. बसून राहा. थरथर थांबेपर्यंत चालत बोटीकडे निघू नका. आणि बाहेर आल्यावर एक पेग मारायची आपल्याकडची जुनी रीत आहे, रम असो की फेणी, ती सोडा. दारूने कातडीकडे रक्त धावतं, गरम वाटतं, आणि आतली ऊब बाहेर निघून जाते. उतरण्याआधी तर मुळीच नको.

यंदा जाल तेव्हा सूट भाड्याने घ्या, ७ मिलिमीटरचा, बूट, मोजे आणि टोपड्यासकट. तिथे रोज लोकांना पाण्यात नेणारी माणसं असतात, त्यांच्याबरोबर जा. बंदराच्या आत, जिथे बोटी फिरतात तिथे, उतरू नका. पाण्यात पालथा पडलेला माणूस सुकाणूवरच्याला दिसत नाही, हे तुम्हाला मी सांगायला नको. म्हणून झगझगीत रंगाचा बोया दोरीने स्वतःला बांधून ओढत न्या.

आणि एकटे जाऊ नका. माझे वडील शिणाण्यांना निघताना शेजारच्यांच्या दारात उभे राहून हाक मारायचे. समोरून ‘आज नाही’ असं आलं की कोयती परत खुंटीला. ‘दर्यांत एकट्यान वचूंक जायना’ एवढंच म्हणायचे आणि जाळं शिवायला बसायचे. पाणी आरशासारखं असलं तरी. तुमच्या बोटीवर हजार माणसं आहेत, त्यांतला एक शोधा, ज्याला पाण्यात उतरायचं नसेल पण काठावर बसून घड्याळ बघायला हरकत नसेल. त्याला सांगा, दहा मिनिटांनी शिटी मार. शिटी वाजली की खाली काहीही दिसत असो, वळायचं.